वाघ नसलेल्या रानात

मावळात वाघ नाही. निसर्गछायाचित्रण शिकायला निघालेल्या माणसासाठी ही या तालुक्याची मोठी जमेची बाजू आहे. ताडोब्याला गेलेल्याचं चित्त जिप्सीत बसल्या क्षणापासून एकाच प्राण्यावर खिळलेलं असतं. तो दिसला की सगळ्या गाड्यांतले कॅमेरे एका दिशेला वळतात, आणि नाही दिसला तर सकाळ फुकट गेली असं वाटून माणूस परततो. भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी होडीतून जाणाऱ्यांचंही थोडंफार तसंच. मावळात असं आधीच ठरवून ठेवलेलं काही नसतं. बिबट्या आहे, पण तो माणसाच्या वेळा सांभाळत नाही. बाकी जे आहे ते लहान आहे, हळू आहे किंवा इतकं रोजचं आहे की त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही. सड्यावरची नखाएवढी फुलं, खाचरातला गायबगळा, कड्यावरून दरीत सांडणारं धुकं, कातळाच्या भेगेत बसलेला खेकडा. हे दिसायला शिकावं लागतं. ते कसं शिकायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

लोणावळा आणि मावळच्या रानात पाच-सहा जणांनी मिळून जायचं, सोबत एक जाणता माणूस घ्यायचा, एकाच जागी बराच वेळ थांबायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी ते एकमेकांना दाखवून त्यांवर बोलायचं, अशी ही साधी पद्धत आहे. कॅमेऱ्याची माहिती हल्ली कुठेही मिळते. छिद्र किती उघडायचं, शटर किती वेगाने पडू द्यायचं, आयएसओ किती ठेवायचा, हे घरात बसूनही चार दिवसांत समजतं. समजलेलं हाताला कधी येतं, तर धुक्यात उभं असताना शेजारचा माणूस तुमच्या पडद्यावर डोकावून ‘धुकं राखाडी का आलं?’ असं विचारतो तेव्हा. त्या प्रश्नाचं उत्तर तिथेच, ते धुकं विरायच्या आत शोधावं लागतं. म्हणून माझ्या मते छोटा गट ही चैन नव्हे. शिकण्याची ती पहिली अट आहे, आणि पुढे येईल तसं रानाचीही तीच अट आहे.

आधी ही जमीन समजून घेऊ. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटरवर, अगदी घाटमाथ्याच्या धारेवर वसलं आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून या कड्याला थडकतात आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस ओततात. तिथून लोहमार्गाने पूर्वेला पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर वडगाव. तिथे पोचेपर्यंत पाऊस निम्म्याच्याही खूप खाली आलेला असतो. एवढ्या लहान अंतरात सदाहरित झाडी, कातळसडे, भातखाचरं, धरणांचे फुगवटे आणि उघडे माळ एकापाठोपाठ येतात. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांत पावसाची तऱ्हा वेगळी आणि उजेडाचीही वेगळी. शिकणाऱ्याला यासाठी मोठा प्रवास करावा लागत नाही. पुण्याहून लोणावळा लोकलने निघून मळवलीला उतरलं की स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर भाजे लेणी, आणि वर लोहगड, विसापूर.

उजेडाचा पहिला धडा मी लेण्यांपाशीच द्यावा असं सांगेन, जरी लेणी माणसाने कोरलेली असली तरी. बेडसे लेण्याचं तोंड पूर्वेकडे आहे, कार्ले आणि भाजे यांचं पश्चिमेकडे. दगड तोच, सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. बेडशाला सकाळी ऊन थेट आत येतं आणि खांबांवरच्या घोडे-हत्तींच्या आकृतींच्या कडा उठून दिसतात. त्याच वेळी कार्ल्याचा चैत्य सावलीत असतो आणि त्याची कमान सपाट वाटते. दुपार कलली की उलट होतं. एकाच दिवशी सकाळी बेडसे आणि संध्याकाळी कार्ले पाहिलेल्या माणसाला उजेडाची दिशा म्हणजे काय हे पुन्हा समजवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पानामागून आलेल्या उन्हात कोळ्याचं जाळं पाहताना तो आपोआप जागा बदलतो.

या डोंगरांकडे कॅमेरा फार लवकर वळला. बोर घाटातून रेल्वे नेण्याचं काम १८६३ साली पुरं झालं. त्या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये, इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालू ठेवलं आणि बांधकामाची छायाचित्रंही काढली. पूल, बोगदे आणि त्यांच्यामागे उभे असलेले तेच कडे, जे आज आपण एक्स्प्रेसवेवरून पाहतो. मुंबईत त्याच्या थोडं आधी, १८५४ साली, फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक छायाचित्रकार तिथूनच पुढे आला. काचेच्या पट्ट्यांच्या त्या काळात छायाचित्र हातात घेऊन, चारचौघांत बसून त्याची चर्चा करणं हा शिकण्याचाच भाग होता. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण आपलं छायाचित्र चार जाणत्यांपुढे ठेवून त्यांचं ऐकून घेण्याची सवय मोडली आहे. ती परत आणायला हवी असं मला मनापासून वाटतं.

इथल्या निसर्गाचा खरा गुरू शोधायचा तर मी कॅमेरेवाल्याचं नाव घेणार नाही. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ हे स्पेनमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. खंडाळ्याला ते पुन्हा पुन्हा आले, तिथल्या वाटा, ओहोळ आणि कडे त्यांनी पायाखाली घातले, आणि १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींची त्यांची सविस्तर नोंद भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने प्रसिद्ध केली. पुढे ते त्याच संस्थेचे संचालक झाले, पण त्यांचं नाव खंडाळ्याशी जोडलेलं राहिलं ते राहिलंच. हिंदुस्थानभरची अरण्यं खुली असताना एका विद्वानाने एका थंड हवेच्या गावाभोवतीच्या जमिनीवर आयुष्यातली इतकी वर्षं खर्ची घालावीत, यात आपल्यासाठी सगळा अभ्यासक्रम आहे. एकाच जागेकडे वेगवेगळ्या महिन्यांत परत परत जायचं. जूनमध्ये पाहिलेली पानं ऑगस्टमध्ये फुललेली पाहायची आणि नोव्हेंबरमध्ये त्याच झाडाचं बी पाहायचं. छायाचित्रकाराने एवढं केलं तर त्याच्या संग्रहाला अर्थ येतो.

सामान्य वाचकाला या फुलांची ओळख करून घेणं सोपं झालं ते पुण्याच्या श्रीकांत इंगळहळीकरांमुळे. त्यांचं शिक्षण अभियांत्रिकीचं, पण सह्याद्रीतल्या फुलांचं त्यांचं छायाचित्रांसह पुस्तक २००१ मध्ये आलं आणि कितीतरी ट्रेकर मंडळी पायाखाली बघून चालायला लागली. छायाचित्र सुंदर असावं, आणि त्यावरून फूल ओळखताही यावं, हा दुहेरी आग्रह अशा पुस्तकांनी रुजवला. नुसता पाकळ्यांचा रंग टिपून भागत नाही. पान कसं आहे, देठाला लव आहे का, फूल जमिनीपासून किती उंच आहे, शेजारी काय उगवलं आहे, हेही एखाद्या चित्रात यायला हवं.

आता प्रत्यक्ष कार्यशाळेत काय होतं ते सांगतो. मला सर्वांत जास्त फळ देणारा वाटलेला पाठ पावसाळी सड्यावरचा आहे. ऑगस्टच्या अखेरीस पाऊस जरा उघडतो, तेव्हा सड्यावरच्या बोटभर मातीत आणि उथळ डबक्यांच्या कडेने गेंदाचे पांढरे ठिपके आणि सीतेची आसवं उमललेली असतात. प्रत्येकाला सुतळीचा एक तुकडा द्यायचा, त्याने मीटरभर लांबी-रुंदीची जागा आखून घ्यायची आणि तासभर तिच्या बाहेर कॅमेरा न्यायचा नाही. पहिली दहा मिनिटं सगळे अस्वस्थ असतात. फुलं काढून होतात, वरून, बाजूने, जवळून. मग हात थांबतो आणि डोळा काम करू लागतो. कुणाला पाकळीच्या मागे बसलेला खेकड्यासारखा कोळी दिसतो. कुणाला डबक्यातली बेडकाची पिल्लं दिसतात, कुणाला दगडावरच्या दगडफुलाचे रंग. सीतेच्या आसवांच्या निळ्या-जांभळ्या नाजूकपणाला सगळेच भुलतात. पण त्या रोपट्याला पाण्यात आणि चिखलात बारीक फुगे असतात आणि त्यांत ते सूक्ष्म जीव पकडून खातं, हे सांगितलं की माणूस त्याच फुलाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. सड्याची माती निकस असते, तिच्यात नत्र फारसं नसतं, म्हणून ही शिकार. हे माहीत झाल्यावर चित्रात आजूबाजूचं पाणी आणि कातळ घ्यावासा वाटतो. विषय कळला की चौकट बदलते, ती अशी.

हा पाठ झोपून करायचा असतो. फुलाच्या उंचीवर लेन्स आणायची तर पोटावर पडावंच लागतं. आणि इथेच गट लहान का हवा हे लख्ख कळतं. सड्यावरची माती वर्षानुवर्षं साचून बोटभर होते. वीस-पंचवीस माणसं त्यावर पसरली, उठली, गुडघे टेकले, तर दुपारपर्यंत तिथे चिखलाचा राडा होतो आणि पुढच्या पावसात ती माती वाहून जाते. सहा माणसं कातळावर पाय ठेवत जाऊ शकतात. झोपण्याआधी खाली काय आहे ते त्यांना दाखवता येतं. शिकवणाऱ्यालाही सहा पडदे पाहणं जमतं. एकाचा हात हलतो आहे, दुसऱ्याची पार्श्वभूमी गजबजली आहे, तिसरा फार जवळ गेल्यामुळे फक्त पुंकेसर धारदार आले आहेत आणि पाकळ्या पुसट, हे ज्याचं त्याला तिथल्या तिथे सांगता येतं. दहाच्या वर माणसं गेली की शिकवणारा व्याख्यान देऊ लागतो.

उजेड मोजण्याचा पाठही मावळ स्वतःच देतो. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. राजमाचीच्या वाटेवर धुकं उतरलं की सगळी चौकट पांढरी. मीटर तिला राखाडी करायला जातो आणि चित्र मळकट येतं. तिथे एक्स्पोजर एखाद्या पायरीने वाढवायचं. खाली कामशेतच्या बाजूला चिखलणी चालू असते. काळा चिखल आणि त्यात पांढरा बगळा; मीटर चिखलाला उजळ करायला जातो आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो. तिथे एक्स्पोजर उतरवायचं. एकाच दिवशी दोन्ही करून पाहिलं की माणूस मीटरवर आंधळा विश्वास ठेवणं सोडतो. हिस्टोग्राम बघायची सवय लागते ती अशा वेळी, पाठ करून लागत नाही.

पावसात कॅमेरा सांभाळण्याबद्दल पुढे एक पूर्ण प्रकरण आहे, तरी एक गोष्ट इथेच सांगतो. पाण्याच्या थेंबांपेक्षा जास्त नुकसान दमटपणा करतो. वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून थंड झालेला कॅमेरा एकदम लोणावळ्याच्या हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं, कधी आतल्या भिंगांवरही. पिशवी न उघडता तिला बाहेरच्या हवेत काही वेळ ठेवा. रात्री सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात कॅमेरा ठेवा. ओल्या पानांवरची चमक कमी करायला पोलरायझर उपयोगी पडतो आणि तो लावताच रानाचा हिरवा रंग खोल होतो. बाकी महागडी लेन्स घेण्याची घाई नको. माझं स्पष्ट मत आहे की पहिलं वर्ष ज्याच्याकडे जे असेल, मोबाईलसुद्धा, त्यावरच काढावं. पाचशे मिलिमीटरची लेन्स दूरचं जवळ आणते, पण मावळात शिकण्यासारखं बरंचसं हाताच्या अंतरावर आहे.

पवन मावळातली आजिवलीची देवराई हा आणखी एक वर्ग. वाघजाईच्या नावाने राखलेलं हे रान. त्यात भेरली माडाची उंच झाडं आहेत. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा गावांनी श्रद्धेने राखलेल्या या तुकड्यांचं मोल शास्त्राच्या भाषेत मांडलं गेलं. देवराईत भरदुपारीही उजेड अंधुक असतो. ट्रायपॉड लावून, श्वास रोखून, सेकंदभर शटर उघडं ठेवून काढायला इथे शिकता येतं. त्याआधी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचं, देवीच्या जागेत चपला काढायच्या, खाली पडलेलं फळ किंवा फांदीही उचलायची नाही. हे नियम कुणा छायाचित्रण मंडळाने केलेले नाहीत, गावाचे आहेत आणि आपल्यापेक्षा फार जुने आहेत. देवराई उरली ती त्यांच्यामुळे.

गावाबद्दल आणखी थोडं. मावळची जमीन मोकळी पडलेली नाही, ती कसलेली आहे. इंद्रायणी हा भाताचा वाण इथल्याच वडगावच्या संशोधन केंद्राचा. त्याची लावणी जुलैत चालू असते तेव्हा खाचरांचं दृश्य कॅमेऱ्याला भुरळ घालतं. पण बांध हा शेतकऱ्याने हाताने लिंपलेला असतो. त्यावरून सहा जण धावले तर तो खचतो आणि खाचरातलं पाणी वाहून जातं. वाकून लावणी करणाऱ्या बाईचा फोटो काढायचा असेल तर आधी ‘ताई, काढू का?’ एवढं विचारायचं आणि ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली घ्यायचा. विचारल्यावर बहुतेकदा गप्पा सुरू होतात, आणि त्या गप्पांतूनच कळतं की वरच्या ओहोळाला खेकडे कधी बाहेर पडतात, मोर कुठे रात्र काढतो. कातकरी वस्तीतल्या किंवा धनगरपाड्यावरच्या माणसाला रानाची जी खबर असते ती कुठल्याही पुस्तकात नाही. त्याला सोबत घेतलं तर त्याच्या दिवसाचे पैसे मोजावेत आणि त्याने दाखवलेल्या गोष्टीचं श्रेय त्याच्या नावाने, त्याला विचारून, द्यावं. कार्यशाळेच्या शुल्कातला वाजवी वाटा गावात राहिलाच पाहिजे.

पक्ष्यांकडे वळताना लोणावळ्याचा एक मान सांगायला हवा. महाराष्ट्रातल्या पक्षिमित्रांचं पहिलं संमेलन १९८१ साली इथेच भरलं. आज राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि बारा तारखेला सालिम अलींचा. या दोघांच्या लिखाणातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर मी ती वाट पाहण्याची घेईन. शीळकरी कस्तूर पावसाळ्याच्या पहाटे ओहोळाकाठी माणसासारखी शीळ घालतो. त्याचं ध्वनिमुद्रण मोबाईलवर वाजवलं तर तो प्रतिस्पर्धी आला असं समजून समोर येतो, आणि चित्र मिळतं. पण त्या वेळी त्याने जोडीदारासाठी किंवा पिलांसाठी खर्च करायची ताकद एका खोट्या शत्रूवर घालवलेली असते. आमच्या पद्धतीत हे चालत नाही. घरट्याचे फोटोही नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या पाहिली तर पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंसुद्धा तीत येतं. फांदी जरा बाजूला केली, पानं छाटली, एवढ्यानेही कावळ्याला किंवा सापाला घरट्याची वाट मोकळी होते. ज्याला पक्ष्याचं चित्र हवं आहे त्याने त्याच्या रोजच्या पाणवठ्यापाशी, अंतर राखून, लवकर जाऊन बसावं. सहा माणसं गप्प बसू शकतात. वीस माणसांत कुणीतरी खोकतंच.

काजव्यांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण राजमाचीच्या बाजूला दरवर्षी मे अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत जे घडतं त्याने जीव कासावीस होतो. काजव्याचा प्रकाश हा मीलनाचा संदेश आहे. नर उडताना लुकलुकतो आणि बसलेली मादी आपल्या प्रकाशाने उत्तर देते. प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्या आठवड्यांचं. त्याआधीचा फार मोठा काळ त्याची अळी जमिनीवर, पालापाचोळ्यात, गोगलगायी खात वाढलेली असते. म्हणजे वाट सोडून झाडाखाली जाणारा माणूस पुढच्या वर्षीचे काजवे तुडवत असतो, आणि मोबाईलचा टॉर्च लावणारा या वर्षीच्या काजव्यांचं बोलणं तोडत असतो. गाड्यांचे दिवे, जनरेटरवरचे तंबू, मोठ्याने लावलेली गाणी यांची भर वेगळी. जिथे शेकडो माणसं एका रात्रीत येतात तिथे कितीही चांगल्या सूचना दिल्या तरी त्या ऐकू जात नाहीत.

म्हणून काजव्यांची कार्यशाळा घ्यायचीच असेल तर ती अमावास्येच्या आसपास, गर्दीच्या शनिवार-रविवारी मुळीच नाही, आणि गावकऱ्यांनी ठरवून दिलेल्या वाटेवरूनच. उजेड असतानाच ट्रायपॉड लावून, लांबच्या झाडावर फोकस बसवून, तो तिथेच कायम करायचा. अंधार पडल्यावर कॅमेऱ्याचा पडदा झाकायचा, फोकससाठी लागणारा कॅमेऱ्याचा लाल दिवाही बंद. मग वीस-तीस सेकंदांची एकेक चौकट घेत राहायचं आणि डोळ्यांनी काजवे पाहत बसायचं. समाजमाध्यमांवर दिसणारी, काजव्यांनी झाड भरून गेलेली चित्रं बहुतेक अशा पुष्कळ चौकटी एकावर एक रचून तयार झालेली असतात. त्यात गैर काही नाही, पण चित्राखाली तसं लिहायला हवं. नाहीतर पाहणारा तेवढे काजवे एका क्षणात दिसतील या आशेने गाडी काढतो, निराश होतो आणि आणखी आत शिरतो.

पावसाळ्यातल्या धोक्याबद्दल मोजकंच, पण ठाम. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. ओढ्याचं पाणी वर डोंगरात पडलेल्या पावसाने वाढतं. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही. छायाचित्रकाराचा एक डोळा व्ह्यूफाइंडरला आणि दुसरा मिटलेला असतो, त्यामुळे त्याला ते शेवटी कळतं. वाहत्या पाण्यात ट्रायपॉड लावायचा नाही, धबधब्याच्या खाली किंवा वर उभं राहायचं नाही, कड्याच्या टोकावर मागे सरकत चौकट जुळवायची नाही. प्रशासनाने एखादी जागा बंद केली असेल तर तो दिवस देवराईत किंवा सड्यावर घालवायचा. गट लहान असला की प्रत्येक माणूस कुठे आहे हे सोबतच्याला सतत माहीत असतं, आणि पावसात ते सर्वांत महत्त्वाचं.

संध्याकाळची बैठक मला सकाळइतकीच महत्त्वाची वाटते. प्रत्येकाने पाचच चित्रं दाखवायची. दिवसभरात काढलेल्या ढिगातून पाच निवडताना माणूस स्वतःचा परीक्षक होतो आणि ते कष्टाचं काम असतं. बाकीच्यांनी आधी चित्रात काय दिसतं ते सांगायचं, आवडलं की नाही ते नंतर. एकाच झऱ्यापाशी बसलेल्या सहा जणांची सहा चित्रं शेजारी शेजारी लावली की जे होतं ते कुठल्याही भाषणाने होत नाही. एकाने पाणी रेशमासारखं केलं, दुसरीने एकच थेंब गोठवला, तिसऱ्याला दगडावरचं शेवाळ दिसलं, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीने पाण्याकडे पाठ करून झाडावरची गोम टिपली. शेजारच्याच्या नजरेने जग पाहायला मिळणं ही या पद्धतीची सर्वांत मोठी देणगी आहे, आणि एकट्याने फिरणाऱ्याला ती मिळत नाही.

कारवी हे या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण आहे. घाटमाथ्याच्या उतारांवर कारवी सगळीकडे आहे. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती अजूनही काही घरांना आहेत. ती सात वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळा उतार एकदम जांभळा होतो, मधमाश्या तुटून पडतात, बी धरतं आणि झाडं मरतात. फुललेल्या वर्षी फोटो काढायला सगळेच जातात. या पुस्तकाने सुचवलेलं काम वेगळं आहे. कारवीचा एक उतार निवडा आणि त्याची न फुललेली वर्षंही टिपा. उन्हाळ्यातल्या खराट्यासारख्या काठ्या, पहिल्या पावसानंतरची खरखरीत पानं, फुलं येऊन गेल्यावरचा मेलेला उतार, आणि पुढच्या पावसात त्याखालून वर आलेली असंख्य रोपं. प्रत्येक वेळी उभं राहायची जागा तीच, लेन्स तीच. कुणा एकाकडून हे निभत नाही, नोकरी बदलते, गाव बदलतं. सहा जणांचा गट असेल तर दरवर्षी कुणी ना कुणी जातंच, आणि सात वर्षांनी हातात येतो तो मावळच्या एका उताराचा दस्तऐवज.

वाचकांना एक सूचना देऊन थांबतो. या पुस्तकात गावांची, लेण्यांची आणि वाटांची नावं मोकळेपणाने दिली आहेत, कारण ती सर्वांना ठाऊक आहेत. काही भुईआमरी आणि कंदीलपुष्पं यांच्या जागा मात्र मुद्दाम दिलेल्या नाहीत. कंदीलपुष्पाचा कंद खाण्यासाठीही खणला जातो, संग्रहासाठीही, आणि एकदा जागा फुटली की ती झाडं तिथे टिकत नाहीत. मोबाईलने काढलेल्या फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, म्हणून दुर्मीळ फुलाचा फोटो इतरांना पाठवण्याआधी ती नोंद काढून टाका. चित्राखाली ‘मावळ, ऑगस्ट’ एवढं पुरेसं आहे. नेमकी जागा, तारीख आणि आजूबाजूच्या झाडांची नोंद आपल्या वहीत ठेवा, आणि एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कामासाठी मागितली तर ती त्याला जरूर द्या.